वाचकांचे प्रश्न : कोर्टात मुलाच्या बाजूने बसताना

गेल्या अंकात मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडे, करत असलेल्या कोर्टाच्या स्वयंसेवी कामाबद्दल एक पान लिहिलं होतं. ज्या मुलांना सरकारने आई-वडिलांपासून काढून घेतलंय, त्यांच्यासाठी न्यायाधीश एका साध्या नागरिकाची नेमणूक करतात. त्याने मुलाला नियमित भेटायचं, सगळ्यांशी बोलायचं आणि मुलाचं हित कशात आहे ते कोर्टाला लेखी सांगायचं. योजनेचं नाव ‘कासा’, म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट. संपादकांनी तुमच्या पत्रांचा गठ्ठा पाठवला आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

एक आधीच सांगते. या केसेस गोपनीय असतात. खाली जी मुलं येतील त्यांची वयं, घरं, शाळा मी बदलल्या आहेत आणि एकाचं दुसऱ्याला लावलं आहे. त्यामुळे “ती मुलगी पुढे कुठे गेली?” असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही, रागावू नका.

काकू, मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही वकील नाही, तरी कोर्टात बोलता. कोणत्या अधिकाराने? मुलाला वकील नसतो का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

असतो ना. आधी कोर्टात कोण कोण बसलेलं असतं ते बघ. एका टेबलाशी बालसंरक्षण खात्याची केसवर्कर आणि सरकारी वकील. दुसऱ्या बाजूला आई आणि तिचा वकील, वडील असतील तर त्यांचा वेगळा वकील. ऐपत नसेल आणि ते खटला लढवत असतील तर हे वकील कोर्टच देतं. मग मुलाचा वकील, त्याला इथे ‘ॲटर्नी ॲड लायटम’ म्हणतात. आणि त्याच्या शेजारी मी. आमच्या कोर्टात कासाची नेमणूक बहुतेकदा ‘गार्डियन ॲड लायटम’ म्हणून होते, म्हणजे या खटल्यापुरती मुलाच्या हिताची राखणदार. टेक्सासच्या कौटुंबिक कायद्याच्या १०७व्या प्रकरणात आमची कामं लिहिलेली आहेत. न्यायाधीशांनी सही केलेला नेमणुकीचा आदेश माझ्या पिशवीत असतो. तो दाखवला की शाळा, डॉक्टर, समुपदेशक मुलाची कागदपत्रं दाखवतात.

मुलाच्या वकिलात आणि माझ्यात फरक काय? अकरा वर्षांचा एक मुलगा म्हणतो, “मला आईकडे जायचंय.” मुलगा समजून बोलतोय असं वाटलं, तर त्याचा वकील कोर्टात तेच मागेल. त्याचं कामच ते. मी पण सांगते की याला आईकडे जायचंय. हे न सांगता पुढे जाणं मला शोभणार नाही. पण त्यापुढे मला हेही सांगावं लागतं की आईचा तो मित्र, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, अजून त्याच घरात राहतो. मुलाची इच्छा आणि मुलाचं हित कधी जुळतात, कधी नाही. दोन्ही कोर्टापुढे यावं म्हणून दोन माणसं.

आता वकील नसलेल्या माणसाची गरज का पडली? ही कल्पना सिॲटलचे बालन्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांची. सत्तरच्या दशकात त्यांच्यापुढे अशी मुलं यायची आणि खात्याच्या दोन-चार पानांवर निर्णय द्यावा लागायचा: मुलाला घरी पाठवू की नको? रात्री झोप लागायची नाही, असं ते पुढे सांगत. प्रत्येक मुलाकडे नीट बघायला खात्याकडे वेळ नाही आणि वकिलांकडेही नाही, तर गावातली साधी माणसं हे काम करतील का, असा त्यांनी विचार केला. चर्चेसाठी आपापला डबा घेऊन लोकांना बोलावलं. चार-पाच जण येतील असं वाटलं होतं, आले पन्नास. १९७७ साली काम सुरू झालं. १९८२ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. अशा खटल्यात मुलाच्या वतीने कुणीतरी नेमलंच पाहिजे, ही अट केंद्राच्या १९७४च्या कायद्यामुळे राज्यांवर आधीच होती; ती व्यक्ती कासाची स्वयंसेवकही असू शकते, हे १९९६च्या दुरुस्तीत स्पष्ट झालं.

म्हणजे माझा अधिकार आदेशातून येतो, पण माझा उपयोग कशात आहे ते वेगळं. केसवर्करकडे कितीतरी मुलं असतात, आणि ती नोकरी सोडून जाते तेव्हा तिची सगळी मुलं दुसरीकडे जातात. वकिलाकडेही तेच. माझ्याकडे एक मूल किंवा एका घरातली भावंडं. वर्षभरात केसवर्कर बदलली, पालनपोषणाचं घर (सरकारने मुलाला तात्पुरतं ठेवलेलं कुटुंब) बदललं, शाळा बदलली, समुपदेशक बदलली असं घडतं, आणि त्या मुलाच्या वहीतला एकच मोठा माणूस तोच राहतो. कायद्याचं ज्ञान तिथे फार लागत नाही. साक्षीला मात्र उभं राहावं लागतं, शपथ घेऊन, आणि आईचा वकील उलटतपासणीत सोलून काढतो. तुला ते बघायला आवडेल.

ताई, माझी मुलगी ह्यूस्टनला आहे, दोन नातवंडं आहेत. इथे सगळे म्हणतात, अमेरिकेत मुलाला चापट मारली, हाताने भरवलं, जवळ घेऊन झोपवलं तरी पोलीस मूल उचलून नेतात. जीव घाबरा होतो. खरं काय?
— एक आजी, कोल्हापूर

आजी, हाताने भरवल्याबद्दल कुणी मूल नेत नाही. वरणभात कालवून भरवा.

टेक्सासच्या कायद्यात शिस्तीसाठी वाजवी शारीरिक शिक्षा करण्याचा पालकांचा हक्क चक्क लिहिलेला आहे आणि त्यात आजी-आजोबाही येतात. याचा अर्थ मारावं असा नाही. वळ उठला, काळंनिळं झालं, पट्टा वापरला, की ते वाजवी राहत नाही, आणि शाळेतल्या बाईंना ते दिसलं तर कळवणं त्यांना कायद्याने भाग आहे. पण एका चापटीवर मूल घराबाहेर जात नाही. उलट २०२१ मध्ये इथे कायदा बदलला आणि हेळसांडीची व्याख्या आणखी आवळली. मुलाला इजा झालेली किंवा तातडीचा धोका असला पाहिजे आणि पालकाने परिणामांकडे सरळ डोळेझाक केलेली असली पाहिजे. वयाला शोभेल असं मूल एकटं चालत शाळेत गेलं, तर ती हेळसांड नाही, हेही त्यात लिहिलं.

मग मुलं कशामुळे काढली जातात? अमेरिकाभर सगळ्यात मोठं कारण मारहाण नसून हेळसांड. तिच्यामागे बहुतेकदा अमली पदार्थ असतात, घरातली मारामारी असते, उपचार न झालेला मानसिक आजार असतो. बाळ दोन दिवस एकटं. तीन वर्षांच्या पोराच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेलं मूल. मी वाचलेल्या फायली या अशा आहेत.

आपल्या लोकांच्या घरात असं काही होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे नवऱ्याचा हात उठतो आणि चार भिंतींत राहतो. मुलांसमोर ते झालं आणि कुणी पोलिसांना फोन केला, तर बालसंरक्षण खातं दारात येऊ शकतं. तुमच्या मुलीशी बोलाल तेव्हा भरवण्याची काळजी सोडा, हे विचारा.

एखादी केस किती काळ चालते? आपल्याकडे ताब्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात. तिथेही मूल वाढून मोठं होईपर्यंत तारखाच पडतात का?
— एक वाचक, नाशिक

टेक्सासात घड्याळ लावलेलं आहे. मूल काढल्यावर १४ दिवसांच्या आत सुनावणी. खात्याने तिथे दाखवायचं की मूल घरी ठेवणं खरंच धोक्याचं होतं. दाखवता आलं नाही तर मूल परत. दाखवलं तर मुलाचा तात्पुरता कायदेशीर ताबा बहुतेकदा खात्याकडे जातो आणि तिथून वर्ष मोजायला सुरुवात होते. ६० दिवसांत पुढची सुनावणी. तिच्यात आई-वडिलांनी काय काय करायचं याची यादी पक्की होते: व्यसनमुक्ती, समुपदेशन, पालकत्वाचे वर्ग, नोकरी, राहायला जागा. १८० दिवसांच्या आत पुढची. आणि वर्ष उलटल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत खटला उभा राहिलाच पाहिजे. नाही राहिला तर दावा आपोआप रद्द होतो. फारच असाधारण कारण असेल तर न्यायाधीश आणखी १८० दिवस देऊ शकतात.

याच्या वर केंद्राचा १९९७चा कायदा आहे. मूल शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने घराबाहेर असेल, तर राज्याने पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज करायचा. अपवाद आहेत. मूल नातेवाइकांकडे असेल, तर राज्य थांबू शकतं.

पालकांचे हक्क संपवणं हे तिथलं शेवटचं हत्यार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की त्यासाठी साध्या दिवाणी दाव्यापेक्षा भक्कम पुरावा लागेल. टेक्सासात तर पालक ज्युरीसुद्धा मागू शकतात. बारा अनोळखी माणसं बसून ठरवतात की ही बाई या मुलाची कायद्याने आई राहील की नाही. मी ते एकदा बघितलं आणि त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही.

पण आमचं पहिलं उद्दिष्ट मूल घरी परत नेणं हेच असतं, आणि याबद्दल मला जरा ठासून बोलायचंय. पत्रांमध्ये बऱ्याच जणांनी “तुम्ही मुलांना वाचवता” असं लिहिलंय. प्रेमाने लिहिलंय, कळतं. पण ‘वाचवायला’ आलेले स्वयंसेवक मी प्रशिक्षणात पाहिलेत. पहिल्या भेटीतच त्यांना आई नकोशी होते आणि मग तिने काही केलं तरी त्यांना दिसत नाही. एक आई होती. दोन बस बदलून, दर आठवड्याला, तासाभराच्या भेटीला यायची. पर्यवेक्षण असलेली खोली, मध्ये टेबल, कोपऱ्यात टिपणं घेणारी बाई. त्या तासात ती मुलीचे केस विंचरायची, वेणी घालायची. मी माझ्या अहवालात लिहिलं की मुलगी येताना केस मुद्दाम मोकळे ठेवते. हे खात्याच्या कागदात नव्हतं. खात्याच्या कागदात होतं, ‘आई १२ मिनिटं उशिरा’.

मूल परत गेलं नाही तर बाकीचे मार्ग आजी-मावशीकडे कायमचा ताबा, नाहीतर दत्तक. कशातच काही जमलं नाही तर मूल राज्याच्या कायम ताब्यात राहतं, आणि मग दर सहा महिन्यांनी सुनावणी, अठरा वर्षांचं होईपर्यंत. अठरानंतर हवं तर एकविसाव्या वर्षापर्यंत सोय मिळते. पंधरा-सोळाच्या मुलांना दत्तक घ्यायला माणसं सहज मिळत नाहीत. नाशिककर, तुमच्या प्रश्नाला हे खरं उत्तर: घड्याळ आहे, पण ते सगळ्या मुलांसाठी घरापाशी जाऊन थांबत नाही.

मी न्यू जर्सीत राहते. मुलं कॉलेजला गेली, वेळ आहे. महिन्यात नेमकं काय काय करावं लागतं? आणि प्रवेश कसा?
— एक वाचक, एडिसन

प्रवेश सोपा आहे, वेळखाऊ आहे. वय किमान २१. अर्ज, मुलाखत, संदर्भ, गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. मग ३० तासांचं प्रशिक्षण आणि न्यायाधीशांसमोर शपथ. पुढे दर वर्षी १२ तासांचं प्रशिक्षण. न्यू जर्सीत मुलांचे वकील सरकारी कार्यालयातून येतात आणि कोर्टाची रचना आमच्यापेक्षा वेगळी आहे, पण कासा तिथेही आहे. तुमच्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कार्यालयात माहितीसत्र असतं, आधी तिथे जाऊन बसा. उच्चारांची भीती बाळगू नका. पोरं दोनदा हसतात आणि विसरतात.

महिन्याचं म्हणाल तर मुलाला किमान एकदा प्रत्यक्ष भेटायचं, ते जिथे राहतं तिथे. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसून विचारपूस करून निघायचं नाही. त्याची झोपायची जागा बघायची. कपडे कशात आहेत ते बघायचं. कपाटात असतील तर बरं. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत असतील तर समजायचं की हे मूल अजून पाहुणं आहे, किंवा त्याला स्वतःला तसं वाटतंय. औषधं कोण देतं, कुठे ठेवली आहेत, कधीपासून चालू आहेत. मन शांत करणाऱ्या गोळ्या असतील तर कुणी लिहून दिल्या आणि नंतर कुणी तपासल्या.

मग शाळा. एका मुलाचा चष्मा फुटलेला होता. नवीन मिळवायला चार महिने लागले, कारण घर बदललं, त्याबरोबर वैद्यकीय संमती देणारी व्यक्ती बदलली, तिच्याकडे आधीची चिठ्ठी नव्हती. तोवर शाळेने लिहून ठेवलं: ‘वर्गात लक्ष देत नाही, वाचन इयत्तेच्या मानाने दोन वर्षं मागे.’ चष्म्यासाठी मी नऊ-दहा फोन केले असतील. त्यात कसलं शौर्य नाही, पण ते करणारं दुसरं कुणी नव्हतं. या कामाचा बराचसा भाग असाच फोनवर ताटकळण्यात जातो, आधी सांगून ठेवते.

आई-वडिलांना भेटायचं. पालनपोषण करणाऱ्या घराला भेटायचं. समुपदेशकाशी बोलायचं. आजी कुठे आहे, मामा कुठे आहे, हे विचारत राहायचं. पुष्कळदा मुलालाच विचारलं की कळतं: “सुट्टीत कुणाकडे जायचास?” अशा एका प्रश्नातून एक मावशी सापडली, तीनशे मैलांवर. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

आणि सुनावणीच्या आधी अहवाल. आमच्या पर्यवेक्षक बाई तो तपासतात आणि लाल पेन सैल सोडतात. माझ्या पहिल्या अहवालात मी ‘आई बेजबाबदार वाटली’ असं काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, तू काय पाहिलंस? हीच शिकवण पुढे लागू पडली. ‘दुपारी ४ वाजता आईने दार उघडलं. ओट्यावर कालची भांडी होती. फ्रिजमध्ये दूध, अंडी, उरलेला पास्ता. लहान मुलाने स्वतः ग्लास काढून पाणी घेतलं.’ बस. आता न्यायाधीशांनी ठरवावं.

भांड्यांचा विषय निघालाय तर एक बोलते. या योजनेवर एक टीका नेहमी होते आणि ती मला पटते: स्वयंसेवक बहुतेक मध्यमवर्गीय, बऱ्याचशा गोऱ्या, आणि केसमधली घरं गरीब, बऱ्याचदा काळी किंवा स्पॅनिश बोलणारी. आपण आपल्या स्वयंपाकघराच्या मापाने दुसऱ्याचं स्वयंपाकघर मोजतो. आपण मराठी बायका तर ओट्यावरून माणसं जोखतो, खोटं कशाला बोला. माझ्या गटातल्या एका बाईने लिहिलं होतं, ‘मुलं जमिनीवर गादी टाकून झोपतात.’ तिला ते दारिद्र्याचं आणि दुर्लक्षाचं लक्षण वाटलं. मिरजेच्या घरात आम्ही सहा भावंडं ओळीने जमिनीवरच झोपायचो, आणि सकाळी गाद्यांची वळकटी केली नाही तर आई पाठीत धपाटा घालायची. मी तिला एवढंच विचारलं, गादी स्वच्छ होती का, पांघरूण होतं का, मुलं झोपत होती का. ती परत जाऊन बघून आली. अहवालातलं वाक्य बदललं.

जीव लागत नाही का हो? सणाला घरी आणता का एखाद्याला? मला तर राहवलं नसतं.
— ठाण्याहून तिघी मैत्रिणींचं एकत्र पत्र

लागतो. घरी आणता येत नाही, ते साफ मना आहे. पैसे द्यायचे नाहीत. वाढदिवसाला लहानसं काही द्यायचं तर कार्यालयाला विचारून. आणि वचन द्यायचं नाही. हे सगळ्यात अवघड. “मी आईकडे जाणार ना?” याला ‘हो’ म्हणायचा मोह होतोच. मी म्हणते, “ते न्यायाधीश ठरवतील. पण तू काय म्हणालास ते मी त्यांना तुझ्याच शब्दांत सांगणार.” आणि सांगते. टेक्सासात मुलाने स्वतः सुनावणीला यावं असाच नियम आहे, न्यायाधीशांनी सूट दिली तरच घरी. मोठी मुलं येतात, कधी व्हिडिओच्या पडद्यावरून. न्यायाधीश त्यांना शाळेचं, फुटबॉलचं विचारतात. आपलं म्हणणं बरोबर पोचलं की नाही, हे मूल तिथेच ताडून बघतं.

दिवाळीचा फराळ मात्र मी कार्यालयात नेते. चकलीला भलतीच मागणी आहे.

भारतात असं काही आहे का? नसेल तर सुरू करायला काय हरकत आहे? मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे.
— एक वाचक, नागपूर

भारताच्या कायद्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. माझा मामेभाऊ जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्याच्याशी बोलून लिहितेय. तंतोतंत असं नाही, पण जवळपासचं आहे.

पालकत्वाचा दावा १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतो. मुलाचं कल्याण बघायचं, आणि मूल समजून मत सांगण्याच्या वयाचं असेल तर न्यायालय ते विचारात घेऊ शकतं, हे त्यात १७व्या कलमात तेव्हापासून आहे. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४च्या कायद्यात, १२व्या कलमाखाली, समाजकार्य करणाऱ्या तज्ज्ञांची मदत घेण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. मात्र मुलासाठी नेमलेला, महिनोन्‌महिने त्याच्याबरोबर राहणारा नागरिक या दाव्यांत क्वचितच दिसतो, असं भाऊ म्हणतो.

ज्या मुलांना आसरा नाही किंवा ज्यांचा छळ झालाय, ती २०१५च्या बालन्याय कायद्याखाली बालकल्याण समितीपुढे येतात, सापडल्यापासून २४ तासांच्या आत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक स्त्री आणि एक मुलांच्या प्रश्नांचा जाणकार. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो १५ दिवसांत यायचा असतो. माझ्या कामाच्या जवळचा भाग हाच. आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, २०२०च्या पोक्सो नियमांप्रमाणे, समिती मुलाला ‘सहाय्यक व्यक्ती’ देऊ शकते. ती तपासापासून खटल्यापर्यंत मुलाबरोबर असते, पुढे काय होणार ते मुलाला समजावते, आणि मुलाची माहिती गुप्त ठेवते. नागपूरकर, तुम्हाला खरंच करायचं असेल तर नव्या संस्थेचा घाट घालण्याआधी जिल्हा बालसंरक्षण कक्षात जाऊन विचारा की सहाय्यक व्यक्तींच्या यादीत तुमच्यासारख्याला जागा आहे का, पात्रता काय लागते. सरकारी कागद कसा हलतो हे तुम्हाला माहीत आहे, त्या कामात हे निम्मं भांडवल आहे.

आणि मूल संकटात दिसलं तर १०९८. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

माझ्या भाचीची मुलगी तिकडे सरकारी ताब्यात आहे. भाचीच्या घरी बरंच काही झालं, ते लिहीत नाही. आम्ही दोघं इथून काय करू शकतो? मूल आमच्याकडे मिळेल का?
— एक मामा, डोंबिवली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची केस कोणत्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळीकडे लागू पडेल तेवढंच सांगते.

मूल काढल्यावर ३० दिवसांच्या आत जवळच्या नातेवाइकांना शोधून लेखी कळवणं, हे २००८च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांवर बंधनकारक आहे. पण खात्याला नातेवाईक सांगणार कोण? आई-वडील. आणि लाजेमुळे आई-वडील भारतातली नावं देत नाहीत. तेव्हा वाट बघू नका. भाचीकडून किंवा तिच्या वकिलाकडून केसचा नंबर, काउंटी आणि केसवर्करचं नाव घ्या. केसवर्करला आणि मुलीच्या वकिलाला इंग्रजीत साधी ईमेल करा: आम्ही कोण, नातं काय, मुलीला कधी भेटलो, घरात कोण कोण आहे, आम्ही काय देऊ शकतो. मूल सांभाळण्याची तयारी असेल तर तसं. नसेल तर दर आठवड्याला व्हिडिओवर बोलू, एवढं लिहिलंत तरी फार झालं. मुलीला कासा नेमला असेल तर तोही तुम्हाला शोधत असण्याची शक्यता आहे. अशी ईमेल आमच्या हातात आली की आम्ही ती अहवालाला जोडतो.

मूल भारतात पाठवायचं झालं तर तुमच्या घराची पाहणी करावी लागते. परदेशातल्या अशा पाहण्या इंटरनॅशनल सोशल सर्व्हिससारख्या संस्थेमार्फत करून घेता येतात. याला वेळ लागतो, म्हणून केस सुरू झाल्याबरोबर मागणी व्हायला हवी. दहाव्या महिन्यात केली तर घड्याळ संपतं. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर आणखी एक दार आहे. १९६३च्या व्हिएन्ना करारातल्या ३७व्या कलमानुसार, परदेशी नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलासाठी पालक नेमण्याची वेळ आली तर त्या देशाच्या वकिलातीला कळवायचं असतं. टेक्सासमधली केस असेल तर ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला तुम्ही स्वतः लिहा. मुलगी तिकडे जन्मली असेल तर ती अमेरिकन नागरिक आहे आणि हे कलम लागत नाही, पण नातेवाईक म्हणून तुमचा दावा राहतोच.

भाचीला रागाने मेसेज पाठवू नका. ते कोर्टात वाचून दाखवले जातात. आणि ईमेलमध्ये तिच्या नवऱ्याबद्दल ऐकीव काही लिहू नका. तुम्ही स्वतः पाहिलंय तेवढंच, तारखेसह.